एक काना

डंडीत डिसेंबरला साडेतीनलाच दिवे लागतात.
तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग, खाली टे नदी,
पुलावरून गाडी उजेडाचे चौकोन ओढत नेते.
आजचा विषय: 'कोणताही विचारशील जीव'.
मी फळ्यावर एक गोल काढते.
डोकं नाही, धड नाही. नुसता गोल.

लाखलन पिरी निवृत्त झाले, तरी दर गुरुवारी येतात,
मागच्या बाकावर, कोट न काढता.
म्हणतात, "विचाराला कूस नसते, मिशी नसते.
तो कुणी केला हे विचारणं म्हणजे
गणित सोडून अक्षर तपासणं."
पटण्यासारखं आहे. मला पटतंही.

आणि तेवढ्यात बेंबीपासून कानशिलापर्यंत
चुलीत कुणी फुंकर घातल्यागत.
एक्कावन्न वर्षांची मी, वाक्य अर्धं टाकून
खिडकी उघडते. बाहेर दोन अंश.
पोरं मफलर आवळतात. कुणी काही बोलत नाही.
तीन मिनिटांनी वाक्याचा उरलेला भाग परत आला
तेव्हा तो वेगळाच होता.
आधीपेक्षा बरा की वाईट, मला अजून कळलेलं नाही.

मॉर्व्हेन विचारते, "तुमच्या भाषेत
'मी विचार करणं' कसं म्हणतात?"
मी लिहिते: करतो. खाली: करते.
'मी आहे' म्हणायला काही लागत नाही,
नुसतं असायला कुणीही चालतं.
विचार करायचा म्हटला की
शेवटच्या अक्षरात सांगावं लागतं, कोण.
फरक एका कान्याचा. एक उभी रेघ.

हे त्यांना सांगितलं नाही, की
गडहिंग्लजला आम्ही पोरी 'येतो', 'जातो'च म्हणायचो.
चिंचेवर चढतो. पाढे म्हणतो.
न्हाण आलं तेव्हासुद्धा 'आज मी बाजूला बसतो'.
पुण्याच्या वसतिगृहात अख्खी मेस हसली.
"अगं, करते म्हण! बाप्या आहेस का तू?"
आठवड्याभरात मी काना पुसून टाकला.
एकही विचार त्यापायी बदलला नसेल.
फक्त तेव्हापासून
वाक्य संपवण्याआधी स्वतःकडे एकदा बघायची सवय लागली,
आरशाशेजारून जाताना पदर बघावा तशी.

कडेला बसलेल्या रोवनने
(गेल्या सत्रात हजेरीपटावर नाव वेगळं होतं)
हात वर न करता विचारलं, "आणि तिसरं?"
आहे, म्हटलं. 'करतं'. मूल करतं, वासरू करतं.
पण त्याच्याआधी 'मी' कुणी लावत नाही.
रोवनने माझ्याकडून अक्षरं मागून घेतली
आणि वहीच्या कोपऱ्यात हळूहळू काढलं:
मी करतं.
मी चूक दाखवली नाही.

मग भूतकाळ लिहिला: मी विचार केला.
इथे बाई-बाप्या कुणाचंच चालत नाही,
क्रियापद आता विचाराचं ऐकतं.
शंका असेल तर केली. धाडस असेल तर केलं.
पिरींनी बाक वाजवला. "बघा! विचार मोकळा असतो."
"हो," मी म्हटलं, "झाल्यावर."

उतारावरून बसथांब्याकडे जाताना
ते दोनदा थांबले. एकदा ग्रंथालयात,
एकदा पर्थ रोडवरच्या पबमध्ये, काही न पिता.
"प्रोस्टेट," दारात म्हणाले, जणू एखाद्या ग्रीकाचं नाव.
"अर्ध्या तासाहून लांब युक्तिवाद
आता मला धरवत नाही.
आणि हे मी वर्गात कधी बोललो नाही."

मी बाहेर उभी, कोटाची बटणं उघडी,
मानेवरचा घाम थंड होताना.
ते हात पुसत बाहेर आले, टोपी सारखी केली.
"कुठे होतो आपण?"